शोधपत्रकारिता (जमीन व्यवहार, मुळशी)

सत्ताधारी, कंपनी किंवा सरकारी खाते जे दडवू पाहते, ते स्वतः कागद आणि माणसे शोधून, पडताळून प्रसिद्ध करणे म्हणजे शोधपत्रकारिता. कोणीतरी हाती दिलेली चौकशी अहवालाची प्रत छापणे ही बातमी झाली, शोध नव्हे. महाराष्ट्रात या पत्रकारितेची सर्वांत मोठी खाण जमीन आहे, आणि पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका तिचा ठळक नमुना. टाटांचे धरण, हिंजवडीची आयटी नगरी आणि लवासा, तिन्ही याच तालुक्यात.

पडताळणीचा धडा मराठी वृत्तपत्रांना लवकर आणि महागात मिळाला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी वापरलेली पत्रे बनावट ठरली. 1882 मध्ये टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. हेतू चांगला होता, कागद खोटा होता. याउलट 1981 मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या न्यासांचे प्रकरण मांडले, ते टिकले. न्यासाला देणग्या देणारे आणि सिमेंटचा कोटा मिळालेले बिल्डर यांचा संबंध त्यात दाखवला होता. जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुले पायउतार झाले.

जमिनीच्या बाबतीत असा संबंध दाखवणारे कागद गावातच असतात. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव सगळेच पाहतात. जाणकार आधी ‘इतर हक्क’ हा रकाना पाहतो. कूळ, बोजा, आदिवासी जमिनीवरचे निर्बंध तिथे सापडतात. ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा असेल तर विक्रीला परवानगी होती का, हा पुढचा प्रश्न. मग फेरफार नोंदवही, दुय्यम निबंधकाकडील ‘इंडेक्स टू’, आणि खरेदीदार कंपनी असल्यास तिच्या संचालकांची नावे. संचालक, मध्यस्थ आणि परवानगी देणारा यांच्या तारखा एका ओळीत मांडल्या की बहुतेक वेळा बातमी तिथेच दिसू लागते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळण्याची सोय झाली. पण फाइलचे नाव, वर्ष, टेबल माहीत नसेल तर उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच येते. ते सांगणारा तलाठी किंवा निवृत्त अव्वल कारकून तालुक्याचे ठिकाण असलेल्या पौडच्या चहाच्या टपरीवरच भेटतो.

कागदावर कोणाचे नाव आहे आणि जमीन कसतो कोण, हा फरक मुळशीत शंभर वर्षांपूर्वीच उघडा पडला होता. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने जमीन रीतसर संपादित होण्याआधीच धरणाचे काम सुरू केले. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला तोंड फुटले. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे नेते.  या लढ्याचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी पुढे दाखवले की पुण्यातले सावकार-जमीनदार मोबदल्यावर राजी होत होते, तर जमीन कसणाऱ्या मावळ्यांना धरणच नको होते. नुसत्या खातेदारांना विचारून बातमी लिहिली असती तर लढाईच दिसली नसती.

लवासा या खासगी गिरिनगरीचे प्रकरण एका बातमीने उघड झाले नाही. मोसे खोऱ्यातली अठरा गावे 2001 मध्ये गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाली, आणि वरसगाव धरणाशेजारची कृष्णा खोरे महामंडळाची सुमारे 141 हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने लवासाच्या कंपनीकडे गेली. गावकऱ्यांच्या तक्रारी, मेधा पाटकर यांच्या जनआंदोलनाचा पाठपुरावा आणि वृत्तपत्रांतली वार्तांकने यांतून तुकडे जुळत गेले. 25 नोव्हेंबर 2010 ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस देऊन काम थांबवायला सांगितले. वर्षभराने अटींसह मंजुरीही दिली. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणावरील जनहित याचिका निकाली काढली. मुख्य कारण विलंब. मात्र कृष्णा खोऱ्याचा कारभार पाहणाऱ्या तत्कालीन मंत्र्यांनी आपले हितसंबंध उघड करायला हवे होते, असे मतही नोंदवले. तोवर कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली होती.

जमिनीच्या बातम्यांत धोका मोठा. कोकणातल्या प्रस्तावित रिफायनरीच्या वादावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना 6 फेब्रुवारी 2023 ला, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, गाडीने चिरडण्यात आले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पण तो प्रसारमाध्यमांतल्या माणसांपुरता. मुळशीला लागून असलेल्या मावळात, तळेगाव दाभाड्याला, जमीन घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 ला खून झाला. ते माहिती अधिकार कार्यकर्ते होते. आज असते तरी या कायद्याचे संरक्षण त्यांना लागू झाले नसते.