महाविद्यालयीन अध्यापकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेत शिकविण्यासाठी डी.एड. आणि माध्यमिक शाळेत शिकविण्यासाठी बी.एड. आवश्यक मानणाऱ्या आपल्या शिक्षणव्यवस्थेने महाविद्यालयात शिकविण्यासाठी मात्र अध्यापनाच्या पूर्वप्रशिक्षणाची अट कधीच घातली नाही. जूनमध्ये पदव्युत्तर परीक्षेचा निकाल हाती आलेला तरुण जुलैत शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गासमोर उभा राहतो, हे चित्र मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत कित्येक दशके सर्वपरिचित होते. विषयाचे ज्ञान असले की शिकविण्याची कला आपोआप येते, हे त्यामागील गृहीतक होय. या गृहीतकाला पहिला अधिकृत धक्का केव्हा बसला आणि त्यातून उभी राहिलेली व्यवस्था ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अध्यापकांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आयोगांच्या शिफारशी

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) माध्यमिक शाळा व इंटरमीजिएट महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी विद्यापीठांनी उजळणी वर्ग भरवावेत असे सुचविले होते. विज्ञान विषयांपुरते बोलायचे तर १९६३ पासून अमेरिकेच्या साहाय्याने उन्हाळी शिबिरे सुरू झाली. परंतु प्रश्नाची खरी मांडणी केली ती कोठारी आयोगाने (१९६४-६६). नव्याने रुजू झालेल्या अधिव्याख्यात्यासाठी प्रत्येक विद्यापीठाने आणि शक्य तेथे प्रत्येक महाविद्यालयाने उद्बोधन वर्ग घ्यावेत, तसेच मोठ्या विद्यापीठांनी किंवा विद्यापीठांच्या गटांनी यासाठी कायमस्वरूपी ‘स्टाफ कॉलेज’ स्थापावे, अशी त्याची शिफारस होती. या शिफारशीत वेतनश्रेणीचा वा पदोन्नतीचा उल्लेख मध्यवर्ती नव्हता. नवख्या शिक्षकाला हात धरून वर्गात उभे करणे एवढाच तिचा हेतू होता. पुढील इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

परिसरातील महाविद्यालयांची वाढ

कोठारी आयोगाचा अहवाल आला तेव्हा मुंबईच्या ईशान्येकडील या पट्ट्यात महाविद्यालयीन शिक्षण नुकतेच मूळ धरू लागले होते. फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरात १९६५ मध्ये चांदीबाई महाविद्यालय सुरू झाले. ठाण्यात १९३५ पासून कार्यरत असलेल्या विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये जोशी-बेडेकर महाविद्यालय आणि १९७६ मध्ये बांदोडकर विज्ञान महाविद्यालय स्थापन केले. चेंदणी बंदर रस्त्यावर खाडीकाठी उभे राहिलेले ‘ज्ञानद्वीप’ संकुल ठाणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. कल्याणमध्ये १९७२ साली बिर्ला महाविद्यालय आले. डोंबिवलीत पेंढरकर महाविद्यालय उभे राहिले, तर ठाण्यात १९८० साली ज्ञानसाधना आणि कल्याणात १९९४ साली अग्रवाल महाविद्यालयाची भर पडली.

ही वाढ लोकलगाडीच्या मागोमाग झालेली आहे. गिरणगावातून व दादर-गिरगावातून सरकत आलेला मध्यमवर्ग डोंबिवलीत स्थिरावला. त्याच्या मुलांना मुंबईला न जाता पदवी मिळावी ही गरज होती. कल्याण जंक्शनवर मात्र वेगळा विद्यार्थी उतरत होता. शहापूर, मुरबाड, बदलापूर, कर्जतकडून येणारा हा विद्यार्थी बहुधा घरातील पहिलाच पदवीधर होणार असे आणि त्याचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असे. एकाच वर्गात डोंबिवलीतील इंग्रजी माध्यमाची मुलगी आणि मुरबाडचा आदिवासी मुलगा शेजारी बसलेले असताना अर्थशास्त्र कोणत्या भाषेत आणि कोणत्या उदाहरणांनी शिकवायचे, हा या परिसरातील अध्यापनाचा मूलभूत प्रश्न होता व आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याचे उत्तर नव्हते. विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्याचे व्याख्यान मागील बाकावर बसून ऐकणे, एवढाच काय तो नवागताला उपलब्ध असलेला मार्ग होता.

१९८७ : प्रशिक्षण आणि वेतन यांची सांगड

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १९८६ मध्ये जाहीर झाले. त्याच सुमारास प्रा. मेहरोत्रा समितीने अध्यापकांच्या वेतनश्रेणीविषयी अहवाल दिला. या दोहोंच्या संगमातून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७-८८ मध्ये देशभर ४८ अकॅडमिक स्टाफ कॉलेजांना मान्यता दिली. कोठारी आयोगाची कल्पना दोन दशकांनी साकार झाली खरी, पण ती येताना एक अट सोबत घेऊन आली. आठ वर्षांच्या सेवेनंतर अधिव्याख्यात्यास ज्येष्ठ श्रेणी मिळावी, मात्र त्यासाठी सुमारे चार आठवड्यांचे दोन वर्ग पूर्ण केलेले असावेत. १९८७ च्या ऑगस्टमध्ये देशभरातील प्राध्यापकांनी नव्या वेतनश्रेणीच्या अंमलबजावणीसाठी संप पुकारला होता. त्या वातावरणात प्रशिक्षणाकडे वेतनकराराचे एक कलम म्हणून पाहिले गेले, यात नवल नाही.

या सांगडीने दोन गोष्टी घडविल्या. एरवी कोणत्याही वर्गाला न गेलेला अध्यापक कालिनापर्यंत आला, हा निर्विवाद लाभ होय. परंतु ‘वर्ग झाला का?’ हा प्रश्न ‘वर्गात काय शिकलात?’ या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा बनला.

कालिना येथील वर्ग

मुंबई विद्यापीठाचे अकॅडमिक स्टाफ कॉलेज कालिना येथील विद्यानगरी संकुलात होते. उद्बोधन वर्ग चार आठवड्यांचा, म्हणजे २४ दिवस व १४४ तासांचा. उजळणी वर्ग तीन आठवड्यांचा, १८ दिवस व १०८ तासांचा. उद्बोधन वर्गाचे चार घटक आयोगाने आखून दिले होते. पहिला समाज, पर्यावरण, विकास व शिक्षण यांच्या परस्परसंबंधांचा. दुसरा शिक्षणाचे तत्त्वज्ञान, भारतीय शिक्षणव्यवस्था व अध्यापनशास्त्राचा. तिसरा ज्ञानस्रोतांच्या परिचयाचा. चौथा व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्वविकासाचा. म्हणजे प्रत्यक्ष ‘शिकवावे कसे’ याला चारांपैकी एका घटकात आणि त्यातही एका अंशातच जागा होती. दोन भाषांच्या वर्गाचा जो प्रश्न वर मांडला आहे, तो या आराखड्यात स्वतंत्रपणे कोठेच बसत नव्हता.

कल्याण-डोंबिवलीच्या अध्यापकासाठी या वर्गाचा आणखी एक अर्थ होता. सकाळच्या गर्दीत कुर्ला गाठायचे, तेथून बसने वा रिक्षाने कालिना, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट. घरी लहान मूल असलेल्या अध्यापिकेला चार आठवडे हे करणे किती कठीण जात असेल, याची कल्पना मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या कोणासही सहज येईल. प्राचार्यांचीही अडचण असे; तीन-चार जणांच्या विभागातील एक शिक्षक महिनाभर गेला की तासिकांचे नियोजन कोलमडे.

तरीही या वर्गांचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. संलग्न महाविद्यालयातील शिक्षक हा शैक्षणिकदृष्ट्या एकाकी असतो. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरविते, प्रश्नपत्रिका विद्यापीठ काढते, आणि स्वतःच्या विषयावर बोलायला महाविद्यालयात एखादाच सहकारी असतो. कालिनाला त्याला सिंधुदुर्गापासून वसईपर्यंतचे समविषयी भेटत. व्याख्यानापेक्षा चहाच्या वेळी झालेल्या चर्चेत, ‘तुम्ही हे प्रकरण कसे शिकवता?’ या प्रश्नाला अधिक वाव मिळे. ज्या वर्गांत तज्ज्ञ व्यक्तींनी एकामागून एक व्याख्याने देण्यापेक्षा सहभागींनी पाठ घेऊन त्यावर चर्चा केली, त्यांचा उपयोग अधिक काळ टिकला असे मानण्यास जागा आहे.

नेट-सेटचा प्रश्न

गुणवत्तेचा दुसरा उपाय प्रवेशद्वारावर योजला गेला. १९८९ मध्ये राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाली आणि १९ सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी ती बंधनकारक ठरली. महाराष्ट्रासाठी पुणे विद्यापीठामार्फत राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे सेट, १९९५ पासून घेतली जाऊ लागली. दरम्यान महाविद्यालये आणि विद्यार्थी वाढत होते आणि परीक्षा उत्तीर्ण झालेले उमेदवार अपुरे होते. त्यामुळे नेट-सेट नसलेल्यांच्या नियुक्त्या होत राहिल्या. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात रुजू झालेल्या या अध्यापकांचा दर्जा काय, हा वाद दोन दशके चालला. २०१३ मध्ये या प्रश्नासह सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी राज्यातील प्राध्यापकांनी फेब्रुवारी ते मे या काळात परीक्षाकामावर बहिष्कार टाकला आणि त्याच वर्षी जूनमध्ये शासनाने निर्णय काढला.

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित राहिली. वीस वर्षे वर्ग घेतलेल्या अध्यापकाच्या पात्रतेची चर्चा झाली, पण त्याचे तास पाहून त्याविषयी मत बनविण्याची सोय व्यवस्थेत नव्हती. शिवाय नेट-सेट विषयज्ञान व संशोधनाभिमुखता तपासते. तिच्या सामान्य पेपरात अध्यापनविषयक प्रश्न असले तरी वर्गातील अध्यापन तपासले जात नाही. एम.फिल.धारकांच्या वाट्याला तर या नियमांची हेलकावे खाणारी वाट आली. २००६ मध्ये त्यांना पदवी स्तरासाठी सूट मिळाली, २००९ मध्ये ती गेली, आणि २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच संपुष्टात आली.

गुणांकनाचा काळ

२०१० च्या नियमांनी अध्यापकाच्या कामाचे गुणांत रूपांतर केले. तास, परिषदा, शोधनिबंध, वर्ग या सर्वांना अंक मिळाले. परिषदांचे पेव फुटले आणि महाविद्यालयांची संशोधनपत्रिका काढण्याची उमेदही वाढली. (प्रस्तुत प्रकारच्या नियतकालिकांच्या वाचकांना याचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही.) २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या पदोन्नतीसाठीची ती गुणपद्धती मागे घेतली. नियतकालिकांच्या ‘केअर’ यादीचाही प्रवास २०२५ मध्ये थांबला. उद्बोधन व उजळणी वर्गांची अट मात्र या सर्व स्थित्यंतरांत टिकून राहिली. स्टाफ कॉलेजचे २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र झाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन झाले. डोंबिवलीच्या अध्यापिकेचा कुर्ल्याचा प्रवास वाचला. त्याबरोबर चहाच्या वेळची ती चर्चाही गेली.

वर्गाबाहेर राहिलेले

या संपूर्ण व्यवस्थेचा पाया कायम, मंजूर पदावरील अध्यापक हा आहे, कारण पदोन्नती त्यालाच मिळते. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून बी.एम.एस., पुढे बी.एस्सी. आय.टी. यांसारखे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम ठाणे-कल्याण पट्ट्यात झपाट्याने वाढले आणि त्यांचे अध्यापन मुख्यतः करारावरील शिक्षकांकडे गेले. अनुदानित विभागांतही भरती रखडली. २०१८ मध्ये शासनाने राज्यात ३,५८० सहायक प्राध्यापकपदे भरण्यास मान्यता दिली, पण त्यांपैकी २,०८८ पदांसाठी २०२१ मध्ये पुन्हा निर्णय काढावा लागला. मधल्या जागा तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी सांभाळल्या. एकाच दिवशी सकाळी कल्याणला आणि दुपारी उल्हासनगरला तास घेणाऱ्या अशा अध्यापकाला प्रशिक्षणाची गरज सर्वाधिक आहे आणि त्याचे कारण मात्र सर्वांत कमी. प्रमाणपत्राने त्याची श्रेणी वाढत नाही आणि वर्गाला गेलेल्या दिवसांचे मानधन बुडते.

ठाण्यातील जोशी-बेडेकर व बांदोडकर आणि कल्याणचे बिर्ला ही महाविद्यालये आता स्वायत्त झाली आहेत. अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून येण्याची सवय असलेल्या अध्यापकाला तेथे त्या स्वतः तयार कराव्या लागतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांची पुनर्रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. कोठारी आयोगाने ‘शक्य तेथे प्रत्येक महाविद्यालयाने’ असे जे म्हटले होते, ते अमलात आणण्याइतके मनुष्यबळ, ग्रंथालय आणि स्वातंत्र्य आज निदान या तीन महाविद्यालयांपाशी आहे. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना मानधनासह त्यात बसवायचे की नाही, हा निर्णयही त्यांच्या व्यवस्थापनांच्या कक्षेतील आहे.