आजाऱ्यांचे तेल

पवित्र सप्ताहात बिशप तीन तेले सिद्ध करतात. त्यांतले एक आजाऱ्यांसाठी असते. ते घेऊन फादर घरी आले की अजूनही कित्येक कॅथलिक घरांत पोटात गोळा येतो: डॉक्टरांनी हात टेकले की काय! बरे होण्यासाठी मागायच्या प्रार्थनेतले हे तेल मरणाची वर्दी कसे झाले?

सुरुवात तर साध्या घरगुती औषधात आहे. येशूच्या काळी जखमेवर ऑलिव्हचे तेल ओतत. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही तेच आहे. मार्क सांगतो की बारा शिष्यांनी पुष्कळ आजाऱ्यांना तेल लावून बरे केले. पुढे याकोबाच्या पत्रात त्याची रीत झाली: आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील.

पण त्याच नव्या करारात आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच ठेवून प्रेषित पौल पुढे जातो. शिष्य तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, सोसण्यापुरती कृपा मिळाली. गेथशेमाने बागेत खुद्द ख्रिस्तानेही तीनदा प्रार्थना केली. दुःखाचा प्याला टळावा, असे त्याने आधी स्पष्ट मागितले आणि मग स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवले. ख्रिस्ती श्रद्धेतला क्रम हा असा आहे. न मागताच मान तुकवणे म्हणजे भरवसा नव्हे.

इ.स. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बिओच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात हे तेल अगदी घरातले वाटते. बिशपने आशीर्वादिलेले तेल केवळ धर्मगुरूंनीच नव्हे, तर कोणाही ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या वा घरच्यांच्या दुखण्यात वापरावे, असे ते सांगतात. सहाव्या शतकात आर्लचे बिशप सिझेरियस लोकांना बजावत, मांत्रिकाकडे धावू नका, चर्चमध्ये येऊन तेल घ्या.

आठव्या-नवव्या शतकांपासून तेल धर्मगुरूंच्याच हाती गेले आणि मृत्युशय्येवरच्या पापक्षमेशी त्याची सांगड पडली. बाराव्या शतकापर्यंत त्याला ‘अंतिम अभ्यंग’ हे नाव चिकटले. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय यांना तेल लावून पापांची क्षमा मागितली जाई. बरे होण्याचे मागणे मागे पडले. त्यात लोकसमजुतींची भर: तेल लागलेला माणूस वाचला तर त्याने मांस खाऊ नये, संसार करू नये. इंग्लंडच्या बिशपांना तेराव्या शतकात याविरुद्ध आज्ञा काढाव्या लागल्या. साहजिकच, शुद्ध हरपेपर्यंत फादरांना बोलवायचे नाही, हा शिरस्ता पडला.

सोळाव्या शतकात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा वाटा फुटल्या. इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात हा विधी होता, १५५२ च्या आवृत्तीतून तो गेला. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेने २५ नोव्हेंबर १५५१ रोजी तो कायम केला. तेल ‘फक्त’ मरणासन्नांना द्यावे, असे मसुद्यात होते. अंतिम मजकुरात तिथे ‘विशेषतः’ आले. आत्म्याच्या हिताचे असेल तेव्हा शरीरही कधीकधी बरे होते, असेही परिषदेने नोंदवले. हमी तिनेही दिली नाही. आशेला मात्र जागा ठेवली.

आशेचे हे दार पुरते उघडायला चार शतके गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘आजाऱ्यांचे अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी विधीच बदलला: कपाळाला आणि हातांना तेल, आणि पापक्षमेबरोबर आजाऱ्याला उठवण्याची विनंती. ऑलिव्ह मिळत नसेल तिथे दुसरे वनस्पती तेल चालेल, अशी मुभा मिळाली. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणाच्या अशक्तपणात, दुखणे बळावल्यास पुन्हाही हे अभ्यंग घेता येते.

तेव्हा फादरांना वेळेवर बोलवा, आजारी माणूस शुद्धीवर असताना, त्याला स्वतःच्या तोंडाने ‘आमेन’ म्हणता येईल तेव्हा. डॉक्टरांचे औषध चालू ठेवा आणि बरे वाटावे असे देवाजवळ मोकळेपणी मागा. आणि बरे वाटले नाही तर श्रद्धा कमी पडली, असे आजाऱ्याला कोणीही म्हणू नये. पौलालाही तसे कोणी म्हटले नव्हते.