नावेचे अंग आणि त्यावरचा लेप

रायपूर खारुन नदीच्या काठी वसले आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे नौकानयनाच्या इतिहासात या शहराचे नाव सहसा निघत नाही. परंतु खारुन शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला. आणि रेल्वे येण्यापूर्वी महानदीतून संबळपूर, कटककडे नावांनी माल जात असे. या नावा टिकवायच्या कशा, हा प्रश्न आपण इथे पाहणार आहोत.

नदीत नावेचा खरा शत्रू पाणी नसून ऊन. उन्हाळ्यात पात्र आटते, नाव वाळूवर पडून राहते, फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात. पावसाळ्यात त्याच फळ्या फुगतात. म्हणून लेप लवचिक हवा. सालवृक्षाची राळ हिंदुस्थानात नावांचे सांधे बुजवायला पूर्वापार वापरतात, आणि छत्तीसगडच्या जंगलांत साल मुबलक. पण नुसती राळ ठिसूळ असते, वाळली की तडकते. ती तेलात कढवली म्हणजे लाकडाबरोबर हलते.

कोकणात प्रश्न वेगळा. तिथे लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारे शिंपले. त्यासाठी चुना व तेल यांचा लेप पाण्याखालच्या भागाला देत. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्याने बांधलेले सागवानी ‘त्रिंकोमाली’ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्या काळी अशा जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत, कारण तांबे या जिवांना विषारी. महानदीच्या नावेला असा पत्रा म्हणजे निव्वळ उधळपट्टी ठरली असती.

विषाची हीच कल्पना पुढे रंगात उतरली. विसाव्या शतकातील कथिलयुक्त रंग इतके जहाल निघाले की इतर सागरी जीवही मरू लागले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आहे.

लोखंडी जहाजांच्या अस्तराला शेंदूर व जवसाचे तेल वापरत. होय, मारुतीला लावतात तोच शेंदूर! तो शिशाचा असल्याने आता टाळतात. रंग कोणताही असो, ओल्या किंवा न खरवडलेल्या लाकडावर दिला तर फोड येऊन सुटतो. म्हणून आधी नाव काठावर ओढून वाळवायची, जुना थर खरवडायचा, सांधे भरायचे, आणि मगच अस्तर. यात वेळ जातो तो वाळवण्यातच.

१८८० च्या दशकात रेल्वे रायपूरला पोहोचली आणि नदीवरची मालवाहतूक घटली. १९५७ मध्ये हिराकूड धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा महानदीची ती सलग वाटही अडली.