३६ डॉलरांचा जॉर्ज फॉस्टर

बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याला आपल्याकडे सर्वच हंसतात. परंतु बैल गेल्यावर ‘झोपा आधींच करावयास हवा होता’ असें सांगणारा शेजारी मात्र शहाणा ठरतो. बैल जाणार हें त्या शेजाऱ्याला आदल्या रात्रीं ठाऊक होतें काय, अशी विचारपूस कोणी करीत नाहीं. इतिहासाचा अभ्यास करणारे आम्ही लोक पुष्कळदां या शेजाऱ्याच्याच पंक्तीला बसलेले असतों. पानिपताची कथा सांगतांना १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ आम्हांस ठाऊक असते. सदाशिवरावभाऊंस ती त्या दिवशीं सकाळीं ठाऊक नव्हती. मनुष्याच्या निर्णयाची परीक्षा परिणामावरून करावी, कीं निर्णयाच्या वेळीं त्याच्या हातीं असलेल्या माहितीवरून करावी? हा प्रश्न राजकारणाच्या इतिहासांत सोडवूं गेलें तर अभिमानाची धूळ इतकी उडते कीं मूळ मुद्दा दिसेनासा होतो. म्हणून आज आम्ही तो एका निरुपद्रवी क्षेत्रांत नेऊन पाहणार आहों. तें क्षेत्र म्हणजे अमेरिकेंतील कल्पित बेसबॉल-संघांचा खेळ. वयस्क प्राध्यापकानें अशा विषयाकडे वळावें याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु या खेळाचें बीज प्राध्यापकांच्याच मंडळींत रुजलें, हें येथें सांगितलें पाहिजे.

१९६० सालीं बॉस्टन येथें विल्यम गॅमसन या तरुण समाजशास्त्रज्ञानें आपल्या कांहीं मित्रांसह हा उद्योग सुरू केला आणि त्याला ‘बेसबॉल सेमिनार’ असें भारदस्त नांव दिलें. पुढें गॅमसन मिशिगन विद्यापीठांत गेला, तेव्हां हा परिसंवादही त्याच्याबरोबर गेला. तेथील रॉबर्ट स्क्लार या प्राध्यापकाकडून त्याची हकीकत डॅनियल ओक्रेंट नांवाच्या विद्यार्थ्याच्या कानीं पडली. ओक्रेंट पुढें लेखक व संपादक झाला. १९७९-८० च्या हिंवाळ्यांत त्यानें या खेळाला नवे नियम दिले, आणि न्यूयॉर्कमधील ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या उपाहारगृहांत जेवावयास जमणाऱ्या मित्रमंडळीसमोर ते मांडले. त्या उपाहारगृहावरूनच हा खेळ ‘रोटिसरी’ या नांवानें प्रसिद्ध झाला.

नियम साधे होते. खरे खेळाडू खऱ्या मैदानांवर खेळत. या मंडळीनें केवळ त्यांच्या नांवांचा लिलाव करावयाचा. २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत क्रिकेटपटूंचा जो पहिला आयपीएल लिलाव झाला, त्याची येथें वाचकांस आठवण होईल. मात्र मुंबईंत विकला गेलेला खेळाडू खरोखरच नव्या संघांत जाई. रोटिसरींत तो होता त्याच संघांत राही, आणि त्याच्या हंगामभराच्या आंकड्यांवर तेवढा विकत घेणाराचा हक्क असे. फलंदाजाची सरासरी, त्याचे होमरन, त्यानें मिळवून दिलेल्या धांवा व चोरलेले तळ, आणि तसेच चेंडू फेंकणाराचे चार आंकडे, यांवरून अखेरीस कल्पित संघांचा क्रम लागे. चेंडू कुंपणापलीकडे टोलवून चारही तळ फिरून येणें म्हणजे होमरन, इतकें बेसबॉल वाचकांनीं जाणलें तरी आमचें काम भागेल. या खेळांत पुढें रूढ झालेल्या नियमाप्रमाणें प्रत्येकानें २६० डॉलरांत २३ खेळाडू घ्यावयाचे असतात. म्हणजे सरासरीनें एका खेळाडूस ११ डॉलरांहून थोडे अधिक पडतात.

आतां मूळ खटल्याकडे वळूं. १९८१ सालीं ओक्रेंटनें ‘इनसाइड स्पोर्ट्स’ या मासिकांत आपल्या पहिल्या हंगामाविषयीं एक लेख लिहिला. ‘जॉर्ज फॉस्टर ३६ डॉलरांच्या लायकीचा ठरला नाहीं तें वर्ष’ अशा अर्थाचें त्याचें शीर्षक होतें. शीर्षकांतच निकाल लागला. आम्ही तो खटला पुन्हा चालवूं इच्छितों; आरोपी मात्र फॉस्टर नसून त्याला ३६ डॉलर देणारा गृहस्थ आहे.

१९८० च्या आरंभीं या गृहस्थास काय ठाऊक असणें शक्य होतें? फॉस्टर हा सिनसिनाटी रेड्स संघाचा फलंदाज, वय ३१. १९७६, १९७७ आणि १९७८ अशीं तीन वर्षें लागोपाठ त्यानें नॅशनल लीगमध्यें सर्वांहून अधिक धांवा मिळवून दिल्या होत्या. त्याचे होमरन १९७७ सालीं ५२, १९७८ सालीं ४० आणि १९७९ सालीं ३० होते. हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे जिना उतरणाऱ्या माणसाचीं पावलें दिसूं लागतात, आणि ‘एवढें डोळ्यांपुढें असतां ३६ डॉलर दिलेच कसे?’ असा प्रश्न सहज उठतो.

परंतु येथेंच अभ्यासकानें थांबलें पाहिजे. १९७८ सालीं फॉस्टर १५८ सामने खेळला. १९७९ सालीं फक्त १२१. सामन्यांच्या संख्येनें भागून पाहिलें तर दोन्ही वर्षीं सुमारे चार सामन्यांस एक होमरन असेंच प्रमाण पडतें. मिळवून दिलेल्या धांवा १९७८ मध्यें १२० व १९७९ मध्यें ९८ होत्या. सामन्यांच्या मानानें पाहतां हें प्रमाण घटलें नसून किंचित् वाढलेंच होतें. त्याची सरासरीही .३०२ होती. सारांश, जो जिना दिसत होता त्याची शेवटची पायरी ही शक्तीची नसून गैरहजेरीची होती. पुरा हंगाम खेळला तर हा फलंदाज पुन्हा चाळिसाच्या घरांत जाईल, असें मानणें हा भाबडेपणा नव्हता.

झालें मात्र निराळें. १९८० सालीं फॉस्टर १४४ सामने खेळला, आणि होमरन झाले २५. धांवा ९३, सरासरी .२७३. हा खेळ वाईट नव्हे. पण ३६ डॉलरांचाही नव्हे. मंडळी हंसली असेल, आणि तो लेख १९८१ सालीं छापून आला. आतां दैवाचा विनोद पाहा. त्याच १९८१ सालीं, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत संपामुळें सामने बंद असतांनाही, फॉस्टरनें अवघ्या १०८ सामन्यांत २२ होमरन केले आणि ९० धांवा मिळवून दिल्या. ज्यानें १९८० चा अनुभव गांठीं बांधून त्याला टाळलें असेल, तो या वर्षीं पस्तावला असेल.

या सुधारलेल्या आंकड्यांकडे खरे मालकही पाहत होते. १९८२ च्या आरंभीं न्यूयॉर्क मेट्स संघानें फॉस्टरला आपल्याकडे आणलें आणि पांच वर्षांसाठीं सुमारे एक कोटी डॉलरांचा करार केला. त्या वर्षीं त्याचे होमरन १३ च झाले, सरासरी .२४७ वर उतरली, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्यें, करार पुरा होण्यापूर्वींच, संघानें त्याला मोकळें केलें.

या दोन खरेद्यांचा परिणाम सारखाच निराशेचा झाला. तथापि आमच्या मतें दोन्ही निर्णय एका तागडींत घालतां येत नाहींत. रोटिसरींतील गृहस्थानें ३१ वर्षांच्या मनुष्यावर एका हंगामाची पैज लावली, आणि तिला आंकड्यांचा आधार होता. मेट्सनीं ३३ वर्षांच्या मनुष्यावर पांच हंगामांची पैज लावली. फलंदाजाचा बहराचा काळ साधारणतः विशीच्या उत्तरार्धांत येतो व पुढें ओसरतो. ही गोष्ट बिल जेम्ससारखे आंकडेशास्त्री त्याच सुमारास मांडूं लागले होते, आणि जुन्या खेळाडूंच्या नोंदींवरून ती कोणालाही ताडून पाहतां आली असती. पहिल्या निर्णयांत दैव आडवें आलें. दुसऱ्यांत धोका कागदावरच लिहिलेला होता. मेट्सना दोष द्यावयाचा तो १३ या आंकड्यावरून नव्हे, ५ या आंकड्यावरून.

याची उलट बाजूही पाहिली पाहिजे. खऱ्या बेसबॉलमध्यें होतकरू तरुणांना संघांनीं पाळीपाळीनें निवडण्याची पद्धति १९६५ सालीं सुरू झाली. १९८८ च्या निवडींत लॉस एंजल्स डॉजर्स संघानें माइक पियाझा याला ६२ व्या फेरींत घेतलें. त्याचा क्रमांक होता १३९०. संघाचा व्यवस्थापक टॉमी लासोर्डा हा पियाझाच्या वडिलांचा स्नेही होता, आणि त्याच्या भिडेखातर ही निवड झाली. पुढें पियाझानें ४२७ होमरन केले आणि २०१६ सालीं बेसबॉलच्या सन्मानमंदिरांत त्याची प्रतिष्ठा झाली. इतकी फलदायी निवड क्वचितच झाली असेल. पण तिचें श्रेय डॉजर्सच्या पारखीला देतां येईल काय? ज्या संघानें स्वतः ६१ वेळां त्याच्यावरून हात पुढें नेला, त्याला रत्नपारखी म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. फळ गोड निघालें म्हणून माळी कुशल ठरत नाहीं.

तेव्हां निवडीची परीक्षा करणारानें तीन गोष्टी विचाराव्या. त्या वेळीं काय कळण्यासारखें होतें? दिलेली किंमत त्या माहितीच्या मानानें होती काय? आणि असेच निर्णय दहा वेळां घेतले असते तर बहुधा काय झालें असतें? यांपैकीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर एका हंगामांतून कधींच मिळत नाहीं. या खेळाचे नियम रचणारा ओक्रेंट आपल्या स्वतःच्या रोटिसरी लीगमध्यें एकदांही विजयी झाला नाहीं. म्हणून त्याला खेळ कळत नव्हता असें कोण म्हणेल?

हें सारें आम्हीं तटस्थपणें लिहिलें खरें, पण या विषयाकडे आम्ही वळलों तें एका बोचणीमुळें. अनेक वर्षांपूर्वीं आम्ही एका शिष्यवृत्तीच्या निवड-समितींत होतों. एके वर्षीं आम्हीं दूरच्या खेड्यांतील एका अत्यंत बुद्धिमान मुलाची निवड केली. वर्ष सरण्यापूर्वींच त्याचे वडील वारले. घरचा भार अंगावर पडला आणि मुलानें शिक्षण सोडलें. पुढील बैठकींत एक सभासद म्हणाले, ‘अशा घरचीं मुलें टिकत नाहींत, हें आपण ओळखावयास हवें होतें.’ सर्वांनीं माना डोलावल्या, आम्हींही डोलावली. त्यानंतर कित्येक वर्षें तशा घरचें मूल आमच्या यादींत वर आलें नाहीं. आमची पहिली निवड चुकली नव्हती. चुकला तो तिच्यावरून आम्हीं घेतलेला धडा. फॉस्टरच्या खरेदीदाराचे फार तर ३६ डॉलर गेले. आमच्या धड्याची किंमत ज्यांनीं दिली तीं मुलें कोण, हेंही आम्हांस कधीं कळलें नाहीं. कारण नाकारलेल्यांचे आंकडे कोणी ठेवीत नसतो.

आपल्या घरांतही मुलांच्या शिक्षणाचे, मुलींच्या विवाहांचे, नोकरीधंद्याचे निर्णय झालेले असतात, आणि त्यांपैकीं कांहीं फसलेले असतात. वडील मंडळींस त्यांचा जाब विचारण्याचा अधिकार आम्ही कोणाचाही काढून घेत नाहीं. मात्र तो विचारण्यापूर्वीं त्या दिवशींचे सामने किती होते, तेवढे एकदां मोजून पाहावे, इतकेंच आमचें सांगणें आहे.