शौर्याला सारथी हवा

सिविक सेंटरमध्ये कृष्णार्जुनांचा रथ आहे. सायंकाळी खरेदीच्या निमित्ताने तेथे जाणे झाले, म्हणजे लहान मुलांचे लक्ष प्रथम घोड्यांकडे जाते आणि तरुणांचे अर्जुनाकडे. आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची दृष्टी मात्र सारथ्यावर खिळते. शस्त्र हाती न धरण्याचे ठरवून युद्धात उतरलेल्या पुरुषाच्या हाती लगाम द्यावेत, यातच सेनापतित्वाविषयीचा आपल्या पूर्वजांचा विचार सामावलेला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय मनात आला. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायली उपसण्यात हयात गेली, बी. ए.ला असताना लागलेली इतिहासाची गोडी तेवढी टिकून राहिली. काही अधिकउणे झाल्यास सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे.

विषय सुचण्यास आणखी एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहत असे. त्या घरातील वृद्ध आजी नातवाला निजविताना एक अंगाईगीत म्हणत. एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी त्याचा अर्थ विचारला. आजी क्षणभर घुटमळल्या आणि संकोचून म्हणाल्या, "त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे तुमचीच माणसे." बारगीर हा आपला शब्द. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. त्याच शब्दाचे बंगालात बर्गी झाले. ज्यांचे पराक्रम आपण अभिमानाने सांगतो, त्यांच्या नावाने पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही दुसऱ्या प्रांतातील लेकरांना भिवविले जाते, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. शिवाय ती फौज बंगालात गेली ती आपल्या या छत्तीसगडातूनच.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण आणि सेनानी भास्कर राम कोल्हटकर १७४१ च्या अखेरीस पूर्वेकडे निघाले. वाटेत रतनपूरचे हैहयवंशीय राज्य होते. राजा रघुनाथसिंह वृद्ध आणि पुत्रशोकाने खचलेला. जुन्या गॅझेटियरमधील हकिकत अशी की, राजवाड्यावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा राण्यांपैकी एकीने तटावर पांढरे निशाण दाखविले आणि युद्ध तेथेच संपले. भास्करपंतांनी एक लाखाचा दंड बसविला, खजिन्यातील द्रव्यही नेले. परंतु राजास पदच्युत केले नाही. मांडलिक म्हणून त्यालाच गादीवर ठेवले. दमलेल्या शत्रूस अधिक न दमविता पुढची वाट मोकळी करून घेणे, हा निर्णय शहाणपणाचा होता. याच सेनानीचे पुढे बंगालात काय झाले, हे म्हणूनच बारकाईने पाहण्याजोगे आहे.

कौटिल्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: उत्साहशक्ती, प्रभुशक्ती आणि मंत्रशक्ती. उत्साह म्हणजे शौर्य, प्रभुत्व म्हणजे कोश व सैन्य, आणि मंत्र म्हणजे विचार. त्याने उत्साहापेक्षा प्रभुत्वास आणि प्रभुत्वापेक्षा मंत्रास श्रेष्ठ मानले. भास्करपंतांपाशी पहिली शक्ती अलोट होती, दुसरीही थोडी नव्हती. एप्रिल १७४२ मध्ये त्यांनी बंगालचा नबाब अलीवर्दीखान यास बरद्वानजवळ कोंडीत पकडले. मीर हबीब त्यांना येऊन मिळाला, आणि मे महिन्यात मराठी स्वारांनी खुद्द मुर्शिदाबादेत शिरून जगत्सेठांची पेढी लुटली.

पुढे पावसाळा जवळ आला. नागपुरास परतावे, असा भास्करपंतांचा पहिला विचार होता; मीर हबीबच्या आग्रहाने तो बदलला आणि फौजेने भागीरथीकाठी काटव्यास छावणी केली. परमुलखातील ही छावणी रयतेस फार जड गेली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर 'महाराष्ट्र पुराण' या नावाचे काव्य रचिले. त्यातील ओस पडलेली गावे आणि पळणारी माणसे आजही वाचवत नाहीत. कलकत्त्याच्या इंग्रजांनीही धास्तीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्याला मराठा खंदक असेच नाव पडले.

येथे शिवछत्रपतींच्या एका पत्राची आठवण होते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील घोडदळाच्या अंमलदारांना ते लिहिलेले आहे, आणि विषय पावसाळी छावणीचाच आहे. दाणावैरणीचा साठा बेताबेताने वापरा, तो आधीच संपविलात तर लोक शेतकऱ्यांच्या घरात शिरतील, आणि मग रयतेला मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असा त्याचा आशय. रात्री दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गंजी पेटेल, इतक्या बारकाव्याची सूचनाही त्यात आहे. छावणीतील उंदराचाही विचार करणारा राजा आणि साऱ्या मुलखास घराबाहेर पळविणारी छावणी, यांत उणीपुरी ७० वर्षे गेली होती. शौर्य तेच राहिले. लगाम मात्र ढिले झाले.

भास्करपंतांनी काटव्याजवळ दाइनहाट येथे मोठ्या थाटाने दुर्गापूजा आरंभिली. नदी फुगलेली आहे, तेव्हा शत्रू येणार नाही, हा भरवसा. अलीवर्दीने नावांचा पूल बांधून रात्रीतून नदी ओलांडली आणि २७ सप्टेंबर १७४२ रोजी बेसावध छावणीवर घाला घातला. पूजा अर्धवट राहिली आणि फौजेस छावणी टाकून पळावे लागले.

१७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा बंगालात उतरले. या वेळी नबाबाने तहाचे बोलणे लाविले. त्याचा सेनापती मुस्तफाखान आणि दिवाण जानकीराम यांनी सुरक्षिततेच्या शपथा वाहिल्या. ३१ मार्च रोजी मुर्शिदाबादच्या दक्षिणेस मानकरा येथे उभारलेल्या डेऱ्यात भास्करपंत वीसहून अधिक सरदारांसह गेले. सारे निवडक सेनानी एका डेऱ्यात, आणि डेरा शत्रूचा. ठरल्या संकेतानुसार आत दडविलेले मारेकरी बाहेर पडले आणि एकही परतला नाही. रघूजी गायकवाड नावाचे एकच सरदार छावणीत मागे थांबले होते. त्यांनी उरलेली फौज सावरून स्वदेशी आणली. एका माणसाच्या सावधपणाने हजारोंचे प्राण वाचले, ही या शोककथेतील खरी शिकवण होय.

या घटनेपूर्वी सुमारे ८५ वर्षे, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाखाली अशीच भेट झाली होती. तेथेही गोड बोलणी होती, वकील होते, शामियाना होता. परंतु जागा महाराजांनी निवडलेली, बरोबरच्या माणसांची संख्या आधी ठरलेली, अंगरख्याखाली चिलखत, रानात फौजा दबा धरून आणि इशाऱ्याची तोफ सज्ज. भेट फसली तर पुढे काय, याचाही विचार झालेला होता. दोन्ही पुरुष शूर, दोघांपुढे कपटी शत्रू. एकाने शत्रूच्या शब्दावर विसंबून पाऊल टाकिले. दुसऱ्याने शब्द ऐकून घेतला आणि भरवसा स्वतःच्या तयारीवर ठेविला.

मानकऱ्याच्या सूडासाठी रघूजींनी पुढे अनेक वर्षे युद्ध चालविले. अखेर १७५१ मध्ये तह होऊन ओरिसा आणि बंगालच्या चौथाईपोटी सालीना १२ लक्ष रुपये ठरले. मिळविले ते थोडे नव्हे. तरी त्यापुढे अवघ्या सहा वर्षांनी, मानकऱ्यापासून फार दूर नसलेल्या प्लासीच्या मैदानावर बंगालचे भवितव्य इंग्रजांनी ठरविले. ज्यांनी खंदक खणला ते टिकले, आणि बंगालची रयत आपल्या लोकांकडे आशेने पाहील असे आपण काही मागे ठेविले नव्हते.

छत्तीसगडात मात्र थोडे निराळे घडले. रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ च्या सुमारास रतनपुरास आले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. लुटून परतणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या बुद्धीत फरक पडतोच. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी बांधविलेले राममंदिर आजही उभे आहे. महामायेच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या रामटेकडीवरही अवश्य जावे. येथे कुणी अंगाईगीतातून आपल्याला भीत नाही, यात बिंबाजींच्या त्या वास्तव्याचा वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

आपणही या भूमीत राहावयास आलो. कुणी पोलाद कारखान्यात, कुणी आमच्यासारखे सरकारी नोकरीत. आपली मुले बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी मुलांबरोबर एका बाकावर बसून मोठी झाली. त्यांना इतिहास सांगताना आपण प्रतापगड सांगतो. त्याच्या शेजारी मानकराही सांगावा, आणि चिपळूणचे ते पत्रही. त्याने आपल्या पूर्वजांची थोरवी उणी होत नाही. ज्या राजाने ते पत्र लिहिले तोही आपलाच होता, एवढे मुलांना कळले तरी पुरे.

बदली होऊन ते बंगाली कुटुंब गेले. निघताना आजींनी आमच्या नातीला मांडीवर घेतले आणि काही गुणगुणल्या. कोणते गीत, हे आम्ही विचारले नाही.