मूक साक्षीदार

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने ज्या तरुणाला पुरेसे कौशल्य नाही म्हणून प्रवेश नाकारला, त्याच्याच रेषांनी पुढे त्या शहराची सकाळ सुरू होऊ लागली. रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण यांचा जन्म १९२१ साली म्हैसूरला, एका मुख्याध्यापकांच्या घरी झाला. तेथील महाराजा कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच ते थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या 'द हिंदू'तील कथांसाठी चित्रे काढत. मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये बाळ ठाकरे त्यांचे सहकारी होते. त्यानंतर 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी ५०हून अधिक वर्षे व्यंगचित्रे काढली.

आरंभी देशातील जनता दाखवायची म्हणजे लक्ष्मण बंगाली, तमिळ, पंजाबी अशी अनेक माणसे रेखाटत. वृत्तपत्राची वेळ सांभाळताना त्यांतील एकेक जण गळत गेला आणि शेवटी एकच उरला : चौकटींचा कोट, धोतर, चष्मा, मिशा आणि टकलाच्या कडेला राहिलेले केस. १९५१पासून 'यू सेड इट' या सदरातून हा 'कॉमन मॅन' घरोघरी पोहोचला. तो कोणत्याही एका प्रांताचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो परका वाटला नाही, याचे मर्म बहुधा यातच असावे.

तो कधी बोलत नाही. पुढारी, अधिकारी, व्यापारी बोलतात. तो ऐकतो आणि पाहतो. चंद्रावर पाठवण्यासाठी अन्नपाण्यावाचून जगू शकणारा माणूस हवा, तर शास्त्रज्ञांची निवड त्याच्यावरच पडते, हे लक्ष्मण यांचे चित्र पाहून आम्ही मनमुराद हसलो होतो.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत होतो. सकाळी चहाबरोबर ते चित्र पाहावे, मित्रांना दाखवावे आणि कचेरीत जाऊन कोणाला तरी 'साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या' असे सांगावे, हा आमचाही क्रम होता. स्वतःला आम्ही नेहमी त्या कोटवाल्याच्या जागी कल्पिले. प्रत्यक्षात तो टेबलाच्या पलीकडे अर्ज घेऊन उभा होता आणि आम्ही अलीकडे खुर्चीत बसलो होतो, हे सेवानिवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांसाठी रांगेत उभे राहिलो तेव्हा उमगले. लक्ष्मण यांच्या विनोदात शिवीगाळ नव्हती. म्हणूनच त्याचा घाव उशिरा, पण खोल लागला.

मानसन्मान त्यांना भरपूर लाभले. १९७३ साली पद्मभूषण, १९८४ साली मॅगसेसे पुरस्कार, २००५ साली पद्मविभूषण. 'टाइम्स'च्या दीडशेव्या वर्षानिमित्त १९८८ साली निघालेल्या टपाल तिकिटावर 'कॉमन मॅन' झळकला आणि २००१ साली पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. २००३ साली लक्ष्मण यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढे पुण्यात वास्तव्यास आलेल्या लक्ष्मण यांचे २६ जानेवारी २०१५ रोजी, प्रजासत्ताकदिनीच, तेथे निधन झाले. शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. आयुष्यभर ज्या सत्तेला चिमटे काढले, तिनेच ही मानवंदना दिली.

अंत्यदर्शनासाठी त्यांचे पार्थिव सिंबायोसिसच्या आवारात, त्या पुतळ्याजवळ ठेवले होते. तो नेहमीसारखाच गप्प होता. त्याचे म्हणणे बोलून दाखवणारा मात्र गेला होता. आता रांगेतल्या माणसाकडे मान वर करून पाहण्याचे काम खुर्चीत बसलेल्यांनीच करावयाचे आहे.