अनोळखी जीवाचं नाव : लामार्कची किल्ली आणि तिची मर्यादा

आजचा प्रश्न वरवर साधा आहे. तुमच्या हातात एक फूल आहे, त्याचं नाव ठाऊक नाही, आणि विचारायला जवळ कुणी जाणकार नाही. पुस्तकातून नाव काढायचं कसं? शब्दकोशात आपण शब्द धरून अर्थ शोधतो. इथे उलटं आहे. वस्तू समोर आहे, शब्द हवा आहे.

1735 साली स्वीडनच्या लिनेअसने यावर एक उत्तर दिलं. त्याने वनस्पतींचे 24 वर्ग पाडले, ते मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि रचना पाहून. पुंकेसर मोजा, वर्ग गाठा. सोय मोठी होती, पण किंमतही होती. साल्व्हिया हा तुळशीच्या कुळातला, पण त्याला पुंकेसर दोनच. त्यामुळे तो तुळशीपासून तुटला आणि जाईच्या पंक्तीला जाऊन बसला! एकच व्यवस्था दोन कामं करत होती : नाव शोधायचं आणि नातंही सांगायचं. दुसरं काम बिघडत होतं.

ही दोन कामं स्पष्टपणे वेगळी केली ती फ्रान्सच्या लामार्कने. उत्क्रांतीच्या संदर्भात आपण त्याचं नाव ऐकतो, ते पुढचं. त्याआधी हा माणूस सैन्यात होता, मग वनस्पतींकडे वळला. त्याचा फ्रान्सच्या वनस्पतींवरचा तीन खंडांचा ग्रंथ 1778 सालचा. तो लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये लिहिला, म्हणजे साध्या वाचकालाही उघडता यावा. त्यात प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी विधानं असतात. जे लागू पडेल ते निवडायचं, पुढच्या क्रमांकावर जायचं. असे दुभागलेले तक्ते आधीही होते. पण लामार्कने बजावलं की ही वाट फक्त नावापर्यंत नेते. निसर्गातला खरा क्रम हा वेगळा विषय आहे. आज आपण हिला द्विभाजक किल्ली म्हणतो. हिचं बळ गणितात आहे. दर पायरीला निम्मे पर्याय गळाले, तर दहा प्रश्नांत 1024 जातींतून एक उरते.

आता किल्लीतलं विधान चांगलं कधी? हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी हाताळला आहे. गाईचं लक्षण सांगा. 'तांबूस असणं' म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'शिंगं असणं' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एकसंध खूर' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. किल्ली रचणारा रोज याच तीन खड्ड्यांतून वाट काढतो. आपल्याकडे थिओडोर कुकने हे काम केलं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा हा प्राचार्य, मूळचा अभियंता. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला, आणि त्यात अशा किल्ल्या आहेत.

पण किल्लीत एक गोम आहे, आणि माझ्या मते आजच्या विषयाचं मर्म तिथेच आहे. किल्ली विचारते, 'हे की ते?' 'दोन्ही नाही' हे उत्तर तिच्यात नसतं. त्यामुळे पुस्तकात नसलेली वनस्पती घेऊन गेलात, तरी बहुतेक वेळा कुठलं तरी नाव हाती पडतंच! म्हणून जाणकार नाव मिळाल्यावर थांबत नाही. तो पूर्ण वर्णन वाचतो, संग्रहातल्या वाळवलेल्या नमुन्याशी ताडून बघतो. जुळलं नाही, तर जुळलं नाही असं म्हणतो.

असं म्हणण्याने काय घडतं ते बघा. डिसेंबर 1938, दक्षिण आफ्रिकेतलं ईस्ट लंडन. तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासेमारी जहाजावर एक निळसर, हातापायांसारखे पर असलेला, दीड मीटर लांबीचा मासा दिसला. जवळच्या पुस्तकांत तो बसेना. तो त्यांनी जवळच्या नावात कोंबला नाही. रेखाचित्र काढून स्मिथ या मत्स्यतज्ज्ञाला पाठवलं. निघाला तो सीलाकँथ! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला असं मानलेल्या गटातला जिवंत प्राणी.

2003 साली कॅनडात पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांसाठी डीएनए बारकोडची कल्पना मांडली. एका ठरावीक जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि साठ्यातल्या नोंदींशी जुळवायचा. अळी असो वा नुसता पंख, नाव निघू शकतं. तरीही साठ्यात जे नाही, त्याचं नाव तिथूनही येणार नाही. फक्त 'हे कुणाच्याच फार जवळ नाही' इतका इशारा मिळतो, आणि तो मोलाचा आहे. पुढे माणसाला नमुना हातात घेऊन बघावंच लागतं.

फोनवर फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारी ॲप्स आज तुमच्याकडे असतील. जरूर वापरा. पण त्या नावाला उत्तर समजू नका, तो दावा आहे. पान, फूल, फळ वर्णनाशी ताडून बघा. नवी जात सापडते ती बहुधा अशाच एखाद्या न जुळणाऱ्या खुणेपाशी.